तीन नंबरची बाटली

मोठ्याबाई चौथीपर्यंत शाळेत गेल्या आणि चौथीत शाळेनेच त्यांच्यापुढे हात टेकले. पुढे जे काही शिकल्या ते तेलघाण्यावर. तिथे मास्तर त्या, विद्यार्थी त्या आणि परीक्षकही त्याच, त्यामुळे दर वर्षी पहिला नंबर ठरलेला.

तेल ओळखायची त्यांची पद्धत साधी होती. चार थेंब तळहातावर घ्यायचे, दुसऱ्या हाताने खसाखसा चोळायचे, ओंजळ नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "चोख." नाहीतर, "करपलंय." नाहीतर, "यात दुसऱ्या कशाचं तरी आहे, उचला हा डबा माझ्यासमोरून." चाळीस वर्षांत या निकालावर कुणी अपील केलं नव्हतं. निकाल चुकत नव्हता म्हणून नव्हे, तर मोठ्याबाईंच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती म्हणून. हा फरक लक्षात यायला त्यांना पासष्टावं वर्ष उजाडावं लागलं.

त्या मंगळवारी मलमं बनवणाऱ्या कारखान्याकडून तिळाच्या तेलाचं पिंप परत आलं. झाकणाला चिठ्ठी चिकटवलेली. मोठ्याबाईंनी आधी पिंप उघडलं, तेल चोळलं, हुंगलं आणि म्हणाल्या, "चोख." मग एकेका अक्षराखाली बोट धरून चिठ्ठी वाचली. तेलात दुसऱ्या तेलाची भेसळ आहे, सबब माल घेता येत नाही. मग त्यांनी पुन्हा हुंगलं. या खेपेला नाकाला काहीतरी लागलं.

"आहे खरं काहीतरी," त्या म्हणाल्या. "मघाशी वारा उलटा होता."

भेसळ आहे म्हटल्यावर ती कुणी केली हे ठरवायला त्यांना चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. घरात बायका दोनच. त्या स्वतः आणि त्यांची धाकटी जाऊ. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, एकामागोमाग एक गेले, आणि तेव्हापासून दोघींनी मिळून घाणा चालवला. घाण्यावर मोठ्याबाई, आणि तेल गाळून पिंपं भरायला धाकटी. मोठ्याबाईंनी हिशेब मांडला तो असा. माझ्या हातून तेल चोख उतरतं. पिंपात पोचतं तेव्हा त्यात भेसळ असते. मधे कोण? धाकटी.

धाकटी तेव्हा गाळणीचं फडकं पिळत होती.

"मागचं उरलंसुरलं कुठलं तेल ओतलंस यात?" मोठ्याबाईंनी विचारलं.

"जाऊबाई, काय म्हणायचंय ते एकदा नीट म्हणा."

"नीटच म्हणतेय. माझं तेल तू नासवलंस. तीस वर्षं माझ्या नाकाखाली हेच चाललं असेल, कुणास ठाऊक!"

हे सगळं तीळ निवडायला बसलेल्या दोन कामवाल्या बायकांसमोर. धाकटीने फडकं खाली ठेवलं, हात पुसले, आत गेली आणि खाटेखालची ट्रंक ओढून बाहेर काढली.

"शनिवारच्या बसने भावाकडे जाते," ती म्हणाली. "कायमची."

"जा की. अडवलंय कुणी?"

हे म्हणून मोठ्याबाई वाट बघत बसल्या. संध्याकाळपर्यंत डोळे पुसत बाहेर येईल, असा त्यांचा अंदाज. ती बाहेर आली ती कोरड्या डोळ्यांनी, जेवण वाढलं आणि परत आत गेली. बुधवारी घाण्याकडे फिरकलीसुद्धा नाही. तीस वर्षांत जेवताना शेजारी कुणी नाही असं मोठ्याबाईंना पहिल्यांदाच झालं, आणि घास काही केल्या खाली जाईना. पण हे कबूल करायचं तर तोंड उघडावं लागलं असतं, आणि मोठ्याबाईंचं तोंड उघडायचं ते दुसऱ्याचं बंद करायला.

तेव्हा त्यांनी बेत केला. मोठ्या शहरात तेलाची तपासणी करणारी प्रयोगशाळा होती. तिथून पुरावा आणायचा. पुरावा पाहून धाकटी रडेल, मग आपण मोठ्या मनाने माफ करू, मग ट्रंक आपोआप खाटेखाली जाईल. बेतात कुठे फट नव्हती. फक्त शनिवारच्या आत पुरावा मिळायला हवा होता.

बुधवारी त्यांनी एकटीने घाणा चालवला. हे तेल म्हणजे नमुना. ह्याच्यासमोर बाकीची धरली की खरंखोटं आपोआप दिसेल. तीळ त्यांनी स्वतः निवडले, उखळ स्वतः घासलं, तेल उतरेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. घाण्याची लाट, म्हणजे उखळात फिरणारं जाड लाकूड, त्या दिवशी नेमकी कुरकुरत होती, पण तिचीही त्यांनी नीट सोय केली. मग चार तेलं चार बाटल्यांत भरली आणि बाटल्यांवर नंबर टाकले. एक नंबर परत आलेल्या पिंपातलं. दोन नंबर धाकटीने मागच्या महिन्यात एकटीने काढलेलं, मोठ्याबाई आठ दिवस पुतणीकडे गेल्या होत्या तेव्हाचं. तीन नंबर त्या दिवशीचं स्वतःच्या हातचं. आणि चार नंबर रस्त्यापलीकडच्या घाणेवाल्याचं, ज्याला मोठ्याबाई वीस वर्षं भेसळवाला म्हणत आल्या होत्या.

गुरुवारी सकाळी दोन तास बसमध्ये मांडीवर बाटल्या धरून त्या प्रयोगशाळेत पोचल्या. लांबट खोली, पांढऱ्या फरशीची टेबलं, खिडकीशी एक पंखा भिंतीतच बसवलेला आणि सगळीकडे नाक झोंबणारा वास. जाड चष्म्याची एक तरुण बाई तिथे काम करत होती.

"आजी, कुणाचं तेल आहे?"

"सांगते ना. हे एक नंबरचं म्हणजे…"

"नाही, नाही, नका सांगू! नंबर पुरे. नाव कळलं की माझेच डोळे मला फसवतात."

मोठ्याबाईंना हे पटलं. दुसऱ्यांचे डोळे फसत असतीलच.

"मीच सांगते आधी काय निघणार ते," त्या म्हणाल्या आणि चारी बाटल्या उघडून, चोळून, हुंगून झाल्या. "तीन नंबर चोख. असं तेल तुम्हाला आयुष्यात बघायला मिळणार नाही. चार नंबर भेसळ. दोन नंबर त्याहून भेसळ. एक नंबर दोन नंबरवालीचाच प्रताप."

चष्मेवालीने हे सगळं वहीत लिहून घेतलं. पुढे ती वही बघायची वेळ आली तेव्हा मोठ्याबाईंना वाटलं, चौथीत आपण शिकलो ते विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

आधी चष्मेवालीने चार काचनळ्यांत थोडं थोडं तेल घेतलं, त्यात ॲसिड आणि आणखी एका बाटलीतले चार थेंब टाकून नळ्या हलवल्या. बघता बघता चारी नळ्यांच्या तळाशी गुलाबी लाल रंग उतरला.

"हा रंग तिळाच्या तेलाचा," ती म्हणाली. "चारी बाटल्यांत तीळ आहे."

"म्हणजे चारी चोख? पलीकडचासुद्धा?"

"तीळ आहे एवढंच कळलं, आजी. यजमान घरात आहेत म्हणून पाहुणे नाहीत असं होत नाही."

पोरगी बोलायला बरी आहे, मोठ्याबाईंना वाटलं.

मग तिने पांढऱ्या पुडीचा पातळ थर दिलेली काच घेतली. तळापासून बोटभर उंचीवर केसासारख्या नळीने चार थेंब टेकवले, एकेका बाटलीचा एकेक. काच एका बरणीत उभी केली. बरणीच्या तळाशी पेट्रोलसारखं काहीतरी अगदी थोडं होतं. झाकण लावलं आणि ती स्वस्थ बसली.

"आता?"

"आता ते वर चढेल आणि तेलाला बरोबर नेईल. ज्याची पांढऱ्या थराशी जवळीक कमी ते भरभर वर जातं. ज्याची जास्त ते खालीच रेंगाळतं. म्हणजे मिसळलेली तेलं वेगळी होतात."

"एवढ्यावर?"

"एवढ्यावर."

मोठ्याबाई काचेकडे बघत बसल्या. काहीच दिसत नव्हतं. ओला डाग वर सरकत होता, बस्स. त्यांच्या घाण्यापेक्षा हा बरा होता, आवाज तरी करत नव्हता. मधल्या वेळात चष्मेवालीने बाकी टेबलंही दाखवली. एका काचेच्या यंत्रात पेंडीची पुडी ठेवलेली; खाली उकळणारं द्रावण वाफ होऊन वर जायचं, गार होऊन पेंडीवर ठिबकायचं, भरलं की गटकन खाली उतरायचं आणि पुन्हा वर. पेंडीत राहिलेलं तेल शेवटच्या थेंबापर्यंत निघतं, ती म्हणाली. मोठ्याबाईंनी पदराच्या गाठीतून आपल्या घाण्याची पेंड काढून दाखवली. "आमच्यात शिल्लक राहतच नाही." चष्मेवालीने ती दोन बोटांत चुरडून कागदावर दाबली. कागदावर तेलाचा डाग पसरला, चांगला ऐसपैस. मोठ्याबाईंनी तो डाग पाहिला नाही. निदान पाहिला नाही असं दाखवलं.

अर्ध्या तासाने काच बाहेर आली, वाळवून दुसऱ्या बरणीत गेली. तिच्यात आयोडीनचे काळसर खडे होते आणि जांभळट वाफ. हळूहळू पांढऱ्या काचेवर पिवळे-तपकिरी ठिपके उमटायला लागले. कागदावर चित्र आपोआप उमटावं तसे.

चारी रांगांत वर एकेक मोठा ठिपका. तीळ. दोन नंबरच्या रांगेत आणखी काही नाही. चार नंबरच्या रांगेतही काही नाही. एक नंबरच्या रांगेत खाली एक फिकट ठिपका. आणि तीन नंबरच्या रांगेत, खाली, बटणाएवढा गडद ठिपका.

"उलटी धरलीस काच," मोठ्याबाई म्हणाल्या.

चष्मेवालीने काच सरळ करून दाखवली. ती सरळच होती.

"मग नंबर उलटे टाकलेस."

"नंबर तुम्हीच टाकून आणलेत, आजी." तिने मघाची वही मोठ्याबाईंसमोर सरकवली.

चष्मेवालीला तो खालचा ठिपका ओळखीचा वाटला. फडताळातून एक बाटली काढून तिने दुसऱ्या काचेवर तीन नंबरशेजारी तिचा थेंब टेकवला. पुन्हा बरणी, पुन्हा अर्धा तास, पुन्हा जांभळी वाफ. दोन्ही ठिपके एका रेषेत, भाऊभाऊ शेजारी उभे राहावे तसे. तरी तिचं समाधान होईना. तिने तीन नंबरचं तेल औषधं घालून फोडलं, त्यातली आम्लं हलकी करून एका यंत्रात सुईने टोचली. आत म्हणे केसाएवढी बारीक नळी, तीस मीटर लांब, वेटोळं घातलेली. तिच्यातून एकेक आम्ल आपापल्या वेळी बाहेर पडतं आणि पडद्यावर एकेक सुळका उठतो. तासाभराने सुळके उठले. शेवटी, सगळे येऊन गेल्यावर, एक उशिराचा सुळका.

"एरंडेल," चष्मेवाली म्हणाली. "तीन नंबरमध्ये शंभरात चारेक भाग. एक नंबरमध्ये दोनेक. हे तीन नंबर कुठून आणलंत?"

मोठ्याबाईंनी आपल्याच तेलाची बाटली पदराआड घेतली. चाळीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं.

"आहे एक बाई," त्या म्हणाल्या.

"तिचा घाणा लाकडी आहे का?"

"आहे."

"लाट कुरकुरली की ती काय घालते?"

"एरंडेल घालते. मग काय, मशीनचं काळं तेल घालेल? बाई स्वच्छतेला पक्की आहे."

"कुठे घालते?"

"वर. लाकूड लाकडात फिरतं तिथे."

"किती?"

"पळीभर."

"दिवसातून एकदा?"

"कुरकुरेल तितक्यांदा. काल फारच…" मोठ्याबाई थांबल्या.

चष्मेवालीने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. फार शहाणी पोर.

"ते लाटेवरून ओघळतं, आजी. सरळ उखळात जातं. आणि रोज हाताला एरंडेल लागून त्या बाईच्या नाकाला त्याची सवय झाली असणार. तिला ते कळायचंच नाही. तुम्ही सांगाल तिला?"

"सांगते."

"ऐकेल?"

"हट्टी आहे जरा. दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. बघू, माझं ऐकते का."

परतीच्या दोन तासांत मोठ्याबाईंनी बसच्या खिडकीशी तोंड नेऊन एक शब्द म्हणून पाहिला. 'चुकलं.' तोंडातून बाहेर पडायच्या आत तो दर वेळी वेगळाच होऊन यायचा. 'चुकलंबिकलं असेल.' 'चुकतं माणसाचं.' 'चुकलं तर चुकलं, काय फाशी देतेस?' शेजारच्या प्रवाशाने जागा बदलली.

शेवटी त्यांनी दुसरा डाव शोधला. एरंडेल म्हणजे काही विष नव्हे. औषधच. मलमात औषध पडलं तर बिघडलं काय? हा मुद्दा त्यांना इतका आवडला की उतरेपर्यंत त्या जवळजवळ जिंकल्या होत्या.

घरात धाकटी कपड्यांच्या घड्या घालत होती. ट्रंक अर्धी भरली होती.

"दोन नंबर साफ निघालं," मोठ्याबाई दारातूनच म्हणाल्या.

"दोन नंबर म्हणजे कोण?"

"तुझं तेल."

"बरं."

"चार नंबरही साफ निघालं. त्या पलीकडच्या मेल्याचं."

"बरं. आणि पिंपातलं?"

"त्यात एरंडेल."

धाकटीने घडी ट्रंकेत ठेवली. तिला जराही नवल वाटलं नाही, आणि मोठ्याबाईंना नेमकं तेच झोंबलं. औषधाचा मुद्दा बसमध्येच राहिला.

"तुला माहीत होतं?"

"तीस वर्षं. लाटेला फडकं कशाला बांधत होते मी? तिला थंडी वाजते म्हणून? ओघळ त्या फडक्यात मुरायचा, मी रोज बदलायची. गेल्या महिन्यात तुम्ही ते फाडून फेकलंत. घाण्याला पट्ट्या कसल्या, पाय मोडलाय का त्याचा, म्हणालात. मी पुन्हा बांधलं. पुन्हा फेकलंत."

"आणि तू एकटीने काढलंस तेव्हा? लाट कुरकुरली नाही?"

"कुरकुरली की. तिळाचंच तेल घातलं. त्याच उखळातलं."

हे इतकं सोपं होतं की मोठ्याबाईंना खाटेवर बसावं लागलं.

"मग सांगायचं नाहीस?"

"लग्न होऊन आले त्याच वर्षी सांगितलं. काल आलेल्या बाईने मला शिकवू नये, म्हणालात. पुढच्या वर्षी सांगितलं, तेव्हाही मी काल आलेलीच होते. तीस वर्षं झाली, जाऊबाई, मी अजून कालच आलेय."

मोठ्याबाईंनी तोंड उघडलं. धाकटीने एक साडी झटकली, घडी घातली, ठेवली. ट्रंकेत आता फार जागा उरली नव्हती.

"चुकलं," मोठ्याबाई म्हणाल्या.

"काय?"

"चुकलं म्हटलं."

"कुणाचं?"

"अगं माझं! माझं चुकलं! आणखी कुणाचं चुकणार या घरात!"

हे त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की कुणीतरी पडलं असं समजून तीळ निवडणाऱ्या दोघी धावत आत आल्या.

"बरं झालं आलात," धाकटी त्यांना म्हणाली. "मंगळवारी होतातच. जाऊबाई काही सांगतायत."

मोठ्याबाईंनी धाकटीकडे पाहिलं. ही एवढी लबाड कधी झाली? मग आठवलं, तीस वर्षं आपल्याच हाताखाली होती.

"तेल मी नासवलं," त्या म्हणाल्या. या वेळी आवाज साधा निघाला. "हिने नाही. हिने तीस वर्षं ते वाचवलं. मी हिला नको ते बोलले."

दोघींपैकी थोडं कमी ऐकू येणारी पुढे सरकली. "कुणी नासवलं म्हणालात?"

"मी गं बाई, मी!"

त्या दोघी गेल्यावर धाकटी म्हणाली, "कारखान्यालाही कळवा. त्यांच्या लेखी अजून मीच आहे."

"त्यांच्या चिठ्ठीत तुझं नाव कुठेय?"

"पिंपावर माझी खूण असते, जाऊबाई. भरून झालं की झाकणावर मीच ती करते."

तेव्हा शुक्रवारची सगळी दुपार मोठ्याबाई पत्र लिहीत बसल्या. दोन कागद फाटले. तिसऱ्यावर अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी कधी वर कधी खाली गेली, पण गेली. धाकटीने कागद हातात घेऊन मोठ्याने वाचला.

"'तेलात एरंडेल आहे हे खरे. ते मी घातले. माझ्या जावेचा यात काही दोष नाही. चाळीस वर्षे घालते आहे.' चाळीस वर्षं कशाला लिहिलीत? त्यांनी एका पिंपाचं विचारलंय."

"मग खोटं लिहू?"

"आणि 'घातले' नको. 'ओघळले' लिहा. मुद्दाम का घातलंत?"

"ओघळलं कसं? पळी माझ्या हातात होती," मोठ्याबाई तडकल्या. "चूक केलीय ती नीट केलीय. तिला आता तू ओघळवू नकोस."

धाकटीला हसू आलं. चार दिवसांत पहिल्यांदा. ते लपवायला ती ट्रंकेवर वाकली, पण खांदे हलत होते ते दिसत होते.

"सही करा खाली," ती म्हणाली. "उद्या मी जाणारच आहे. भावाला कळवून बसलेय, वाट बघेल."

मोठ्याबाईंची लेखणी थांबली. सहीतलं पहिलंच अक्षर कागदावर जाड झालं.

"सोमवारी येते," धाकटी म्हणाली. "तोवर घाणा बंद ठेवा. लाटेला हातसुद्धा लावायचा नाही."

मोठ्याबाईंनी सही पुरी केली. आजवर कुणी त्यांना घाणा बंद ठेवायला सांगितलं नव्हतं. कुणी सांगितलं असतं तर काय ऐकावं लागलं असतं, ते सगळं एका दमात त्यांच्या जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं.

"सोमवारी कुठल्या बसने?" त्यांनी विचारलं.

"बघते. दुपारच्या."

"सकाळची असते एक," मोठ्याबाई कागदाकडे बघत म्हणाल्या. "मी थांब्यावर येईन."